लढाईतली जीप, कारखान्याची जीप आणि तिची खरी किंमत



या पानावर एरवी ऊस, ठिबक, हुमणी आणि पावसाचे मिलिमीटर असतात. आज जीप आहे. लांबलंय जरा, पण ज्यांच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

झालं असं, की घरात वाटणी झाली. रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. राहिली आजोबांची जीप. तीन भावंडांत एक जीप काही कापून वाटता येत नाही, म्हणून विकायचं ठरलं. विकायची तर आधी किंमत काढायला पाहिजे. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दोन वर्षांपूर्वी ती नव्यानं उभी करायचा खर्च मीच केला होता. पत्रा, पाटे, ब्रेक, वायरिंग, हुड आणि वर लष्करी हिरवा रंग. एकूण ३ लाख ४० हजार.

मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. मिस्त्रीला विचारू, चार जाहिराती बघू, मधला आकडा धरू. प्रत्यक्षात दोन महिने गेले. कारण जुन्या जीपची किंमत तिच्या रंगात नसते, ती कुठून आली यात असते. आणि ती कुठून आली याची जी गोष्ट आमच्या घरात इतकी वर्षं सांगितली जात होती, ती खोटी निघाली.

आजोबा म्हणायचे, "ही लढाईतली गाडी हाय." आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो. दुसरं महायुद्ध, अमेरिकन जीप, लिलावात घेतलेली. मी रंग हिरवा दिला तोही त्यामुळंच. पुण्याहून पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, हसला आणि म्हणाला, "दादा, ही लढाईतली नाही. पण आपण ती लढाईतली करू शकतो."

त्याच्या बोलण्याकडं पुढं येतो. आधी लढाईतली जीप म्हणजे कुठली ते बघू.

१९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पेन्सिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पहिला नमुना करून दिला. पण कंपनी लहान, एवढ्या गाड्या तिच्यानं होणार नव्हत्या. म्हणून काम विलिस आणि फोर्डकडं गेलं. विलिसच्या गाडीला एमबी म्हणतात, फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ मध्ये दोघांनी मिळून सव्वासहा लाखांवर गाड्या काढल्या. दोन्हींचा आराखडा एकच, सुटे भाग एकमेकींना बसायचे. तरी फोर्डनं आपल्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' हे अक्षर ठोकलं. आज जगभरचे शौकीन त्या एका अक्षरासाठी भिंग घेऊन गाडीखाली शिरतात.

या गाड्या आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या देशात आल्या. युद्ध संपलं आणि सैन्याला नको झालेला माल लिलावात निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून आहे. त्यातल्या जीप जमीनदार, ठेकेदार आणि शिकारी लोकांनी घेतल्या. त्यामुळं आजोबांची गोष्ट अशक्य कोटीतली नव्हती. फक्त आमच्या गाडीला ती लागू होत नव्हती.

ओळखायचं कसं? एक, लढाईतल्या जीपच्या तोंडावरच्या जाळीला उभ्या फटी नऊ असतात. (अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांना पट्ट्यांची जाळी होती.) युद्धानंतर साध्या लोकांसाठी काढलेल्या सीजे जीपला सात. दोन, लढाईतल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडं. तीन, बॉनेट बुटकं. आमच्या गाडीला फटी सात, स्टिअरिंग उजवीकडं आणि बॉनेट छातीएवढं उंच.

हे उंच बॉनेट म्हणजे सीजे-३बी ची खूण. लढाईतल्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. पुढं विलिसनं त्याच २.२ लिटरच्या इंजिनाला नवं हेड दिलं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर बाहेर टाकणारे खालीच राहिले. ताकद वाढली, पण इंजिनाची उंची पण वाढली. ते बुटक्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट आणि जाळी वर उचलली. अमेरिकेत ही गाडी १९५३ मध्ये आली आणि १९६८ ला बंद झाली. आपल्याकडं मात्र तिच्या अंगाच्या जीप त्यानंतर कित्येक वर्षं निघत राहिल्या.

आपल्याकडं म्हणजे मुंबईत. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये माझगावला परदेशातून आलेले सुटे भाग जोडून विलिस जीप उभ्या राहू लागल्या. मग हळूहळू एकेक भाग इथंच बनायला लागला. म्हणजे आमची जीप नॉर्मंडीला गेली नव्हती की इंफाळला. ती मुंबईहून आली होती.

मग इथं आली कशी? त्याचं उत्तर आरसी बुकात होतं. जुनं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक, पानं पिवळी पडलेली. नोंदणी १९६४ ची. पहिल्या मालकाच्या जागी एका सहकारी साखर कारखान्याचं नाव. आजोबांचं नाव दुसऱ्या पानावर, सात वर्षांनंतरचं.

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. याच दहा-पंधरा वर्षांत कृष्णाकाठचा नकाशा बदलला. सांगलीला वसंतदादांनी कारखाना उभा केला, रेठऱ्याला कृष्णा कारखाना आला, पुढं साखराळ्याला राजारामबापूंचा. वर कोयनेचं धरण बांधून झालं. कारखाना म्हणजे ऊस, ऊस म्हणजे शेकडो गावांत पसरलेलं काळं रान. पावसाळ्यात त्या रानात बैलगाडी रुतायची, मोटार तर कमानीतूनच माघारी. जीप जायची. शेती अधिकारी जीपमधून यायचा, लागणीच्या नोंदी घ्यायचा, तोडीचा कार्यक्रम त्याच जीपच्या बॉनेटवर कागद पसरून ठरायचा. धरणाच्या कामावर जीप, तहसीलदाराची जीप, आणि निवडणुका आल्या की कर्णे बांधलेली पुढाऱ्यांची जीप. आपल्या आजोबांच्या पिढीनं सरकार आणि सहकार दोन्ही पहिल्यांदा बघितलं ते धुरळा उडवत येणाऱ्या जीपमधूनच.

हा इतिहास नॉर्मंडीपेक्षा कमी आहे का? मला तर तो जास्त आमचा वाटतो. पण बाजाराचं तसं नाही. बाजारात लढाईतल्या अस्सल जीपला ३बी पेक्षा भाव जास्त आहे, कारण ती जगभर मागितली जाते आणि शाबूत राहिलेल्या थोड्या आहेत.

पुण्याच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं तेच होतं. नऊ फटींची जाळी विकत मिळते. पितळी पाट्यासुद्धा नव्या करून मिळतात, त्यावर १९४४ कोरायचं. बॉनेटवर पांढरा तारा. "बॉनेटची उंची किती जणांना कळते, दादा? असं केलंत तर सहा लाख देतो. आहे तशी साडेचार." म्हणजे दीड लाखाचा फरक. वाटणीत प्रत्येकाला पन्नास हजार. बहिणीच्या पोराची इंजिनीअरिंगची फी भरायची होती, तिला पन्नास हजार म्हणजे थोडे नव्हते. हे मी तिच्यापासून लपवलं नाही. तिला फोन करून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आणि तो पुढं कुणाला विकणार?"

मी म्हटलं, "ज्याला कळत नाही त्याला."

ती म्हणाली, "मग आपण घेणारे ते पैसे त्या माणसाचेच की रे."

विषय तिथं संपला. पण या निमित्तानं मला एक जुनं प्रकरण आठवलं. न तपासता दुरुस्त जीप घेतल्या की काय होतं हे या देशानं स्वातंत्र्यानंतर लगेचच बघितलंय. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू होती, सैन्याला जीप हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी ८० लाख रुपयांचा करार केला. नव्या नाहीत, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा. पैसे बरेचसे आगाऊ गेले. हातात आल्या १५५, आणि त्याही सैन्याच्या कामाच्या नाहीत अशी ओरड झाली. संसदेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली, शेवटी १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा म्हणून तो सांगितला जातो. राजकारण बाजूला ठेवा. माझ्यासारख्यानं त्यातून एवढंच घ्यायचं, की दुरुस्त गाडीचा रंग बघून पैसे मोजू नयेत.

आता माझ्याच गाडीतली खोट सांगतो. ही सांगितल्याशिवाय किंमत निघतच नाही.

आमच्या जीपचं मूळ इंजिन पेट्रोलचं. ते पेट्रोल इतकं प्यायचं, की आण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "टाकीत पेट्रोल ओततानाच निम्मं संपतंय." १९८० नंतर आपल्या भागात अशा कितीतरी जीपची पेट्रोल इंजिनं उतरवली गेली आणि त्या जागी डिझेल बसलं. कुणी महिंद्राचंच, कुणी मॅटाडोरचं, ज्याला जे मिळालं ते. आण्णांनीही बसवलं. त्यात गैर काय? त्या काळात काहीच वाटलं नाही. रानातली गाडी, डिझेल स्वस्त. पण आरसीवर आजही 'पेट्रोल' आहे आणि इंजिन नंबर जुनाच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. इंजिन बदललं तर आरटीओकडं नोंद पाहिजे. नोंद नसेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करताना, किंवा फिटनेसला नेल्यावर, तिथंच अडकते. मग गाडी कितीही चकचकीत असो, घेणारा निम्म्यात मागतो. आणि तो बरोबर असतो.

दुसरी गोष्ट, केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नंतर पुन्हा नोंदणी ५ हजार, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवीन नोंद झालेल्यांच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण अट आहे. चेसी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा फेरबदल झालेला नको. आमची गाडी वयानं बसते, इंजिनानं बाद होते. शिवाय विंटेज नोंद झाली की रोजच्या कामाला ती रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं, एवढंच. म्हणजे जो रानात फिरवायला जीप मागतो त्याला विंटेज नोंद नकोच असते, आणि ज्याला कपाटातल्या चांदीसारखी जपायची आहे त्याला तीच हवी असते. गिऱ्हाईक दोन प्रकारचं, म्हणून किंमतही दोन प्रकारची.

आता मूळ इंजिन गेलं कुठं? मी आत्याला विचारलं. आत्या ऐंशीच्या पुढं आहे, पण डोकं साफ. म्हणाली, "पेंडीच्या पोत्याखाली बघ की." गोठ्याच्या कोपऱ्यात चाळीस वर्षं ज्या लोखंडी ढिगाऱ्यावर आम्ही पोती रचत होतो, तो ढिगारा म्हणजे इंजिनचा ब्लॉक. वायर ब्रशनं घासला, रॉकेल मारलं, नंबर वर आला. आरसीवरचाच. क्रँक जाम आहे, कार्बोरेटर गायब आहे, पण ब्लॉकला तडा नाही असं मिस्त्री म्हणतो.

आत्याला मी अजून एक विचारलं. आजोबा लढाईतली गाडी का म्हणायचे? ती खोखो हसली. म्हणाली, "आरं, कारखान्याच्या इलेक्शनातली! त्या गाडीनं किती पॅनलं पाडली तुला म्हाईत न्हाई." खरं-खोटं आजोबाच जाणोत. पण कारखान्याच्या निवडणुकीला आपल्याकडं लढाईच म्हणतात, त्यामुळं माणूस खोटं बोलला असं आता मला म्हणवत नाही. ऐकण्यात चूक आमची झाली असेल.

या सगळ्यातून मी किंमत काढायची जी पद्धत बसवली ती देतो. कुणाला उपयोग झाला तर बघा.

पहिले कागद. आरसीवरचा चेसी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का? चेसीवर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप काढा. आरटीओत जसा देतात तसाच. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला दिसला की थांबा. कागद नसलेली जीप म्हणजे सुट्या भागांचा ढीग, भाव त्याच हिशेबानं.

दुसरी बॉडी, म्हणजे टब. पंजाब-हरियाणात, मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नवे टब बनतात आणि जीप जुळवल्या जातात. काम सुबक असतं, पण ती जुनी जीप नव्हे. मूळ पत्रा आहे का हे बघायला लोहचुंबक फिरवा. जिथं चुंबक पकडत नाही तिथं रंगाखाली पुट्टी आहे. माझ्या गाडीत डाव्या मागच्या कोपऱ्यात वीतभर पुट्टी आहे. मीच भरून घेतलीय, घेणाऱ्याला दाखवतो.

तिसरं इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही अ‍ॅक्सल. मूळ आहेत की बदललेले, आणि बदललेले असतील तर आरसीवर नोंद आहे का. फोर-व्हील खरंच लागतं का हे डांबरी रस्त्यावर नव्हे, नांगरटीत बघा. कित्येक जीपचा पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो.

चौथं, गाडीचा पुरावा. जुन्या पावत्या, कराची कागदं, फोटो. आमच्याकडं १९७१ ची लिलावाची पावती निघाली. तिनं गाडीला एक सलग इतिहास दिला. कारखाना, मग आम्ही. दोनच मालक.

पाचवा आणि शेवटचा, केलेला खर्च. हा शेवटी, कारण घेणारा तो मोजत नाही. माझे ३ लाख ४० हजार गेले म्हणून किंमत तेवढ्यानं वाढत नाही. उलट मी दिलेल्या लष्करी हिरव्या रंगानं ती थोडी घसरलीच. खालचा मूळ करडा रंग राहिला असता तर जाणकारानं जास्त दिले असते. रंग देताना हे कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

हिशेब करताना देवराष्ट्र्याची गोष्ट डोक्यात घोळत होती. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आपण ते ओळखतो. त्याच गावात दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीचे भाग वापरून, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ बघून लिहिलं, की नियमात ती बसत नाही, रस्त्यावर चालू देणार नाहीत, पण बदल्यात मी नवी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली आणि ती छोटी जीप कंपनीकडं गेली. बाजारभावानं बघितलं तर त्या गाडीला कागद नाही, चेसी नंबर नाही, शून्य. तरी बोलेरोएवढी किंमत आली. का? कारण ती जे होती तेच म्हणून समोर उभी होती. तिच्यावर कुणी १९४४ ची पाटी मारली नव्हती.

आमच्या गाडीला कुणी बोलेरो देणार नाही, हे मला माहीत आहे. पण जी आहे ती म्हणूनच ती विकायची, एवढं तिघांनी ठरवलं. माझ्या खर्चावरून थोडं वाजलं. धाकटा म्हणाला, तो तुझा शौक होता. खोटं नाही ते. शेवटी निम्मा खर्च आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्याचे तीन भाग करायचे, असं ठरलं.

पुण्याच्या माणसाला नाही कळवलं. आता कराडकडचे एक गृहस्थ दोनदा येऊन गेलेत. त्यांनी आधी गोठ्यातला ब्लॉक बघितला आणि मग गाडी. आहे तशी साडेचार, पण मूळ इंजिन बांधून, बसवून, आरसीशी जुळवून दिली तर पाच लाख साठ हजार. मिस्त्री इंजिनचा खर्च ८० ते ९० हजार सांगतो. म्हणजे हातात वीस-तीस हजार जास्तीचे, आणि गाडी कागदावर स्वच्छ. ब्लॉक काल इस्लामपूरला बोअरिंगला दिला.

कारखान्याचं नाव बॉनेटच्या बाजूला पूर्वी पांढऱ्या अक्षरात होतं असं आत्या सांगते. कुणाच्या घरी १९६४ ते ७१ दरम्यानचा, कारखान्याच्या जीपशेजारी काढलेला फोटो असेल तर इनबॉक्समध्ये टाका. अक्षरं कशी होती, कुठं होती, एवढं दिसलं तरी पुरे. गाडीबरोबर तोही कागद द्यायचाय. आणि स्वतःच्या गाडीचे फोटो टाकताना चेसी नंबर झाकून टाका.

पुढच्या आठवड्यात पुन्हा खोडवा.